तीन नद्या, सहा दिवस आणि ४०० मीटरची जहाजं

मोठ्या जहाजाचा सगळ्यात फसलेला फोटो बहुतेक वेळा ते धक्क्याला लागलेलं असतानाच निघतो. वर क्रेनची रांग, खाली कंटेनरचे ढीग, मध्ये जाळीचं कुंपण. १ जुलै २००४ पासून जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचे आयएसपीएस नियम लागू झाल्यावर टर्मिनलच्या आत पाय ठेवायचीही सोय राहिलेली नाही. म्हणून या फेरीत धक्के जवळजवळ टाळलेच आहेत. रॉटरडॅम, अँटवर्प आणि हॅम्बुर्ग या तिन्ही बंदरांकडे जाणारं पाणी अरुंद आहे. जहाज तिथे काठाजवळून, सावकाश आणि ठरलेल्या वाटेने येतं. आपण त्या वाटेवर आधीच जाऊन उभं राहायचं. महिना जूनचा धरला आहे. तो का, ते पहिल्याच दिवशी कळतं.

सामानात फुल फ्रेम कॅमेरा आणि २४-१०५ व १००-४०० अशा दोन लेन्स जवळजवळ सगळीकडे पुरतात. कोणती कधी लावायची हे अंदाजावर सोडू नये. जहाजापर्यंतचं अंतर मीटरमध्ये घ्यायचं, ३६ ने गुणायचं आणि जहाजाच्या लांबीने भागायचं. येईल तेवढ्या मिलिमीटरला आडवं जहाज फ्रेममध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत बसतं. ४०० मीटरचं जहाज ४०० मीटरवरून ३६ मिमी, एक किलोमीटरवरून ९० मिमी, अडीच किलोमीटरवरून २२५ मिमी. पुढे-मागे थोडं पाणी दिसावं म्हणून त्यातून पाचवा हिस्सा कमी करावा. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीची असते, म्हणजे पाणी अरुंद असेल तिथे मोबाइलनेही काम भागतं. फक्त त्याचा पॅनोरामा चालत्या जहाजावर वापरू नये: फोन एका दिशेने फिरतो, जहाज आपल्या दिशेने सरकतं, आणि ४०० मीटरचं जहाज अडीचशेचं किंवा सहाशेचं होऊन बसतं.

दिवस पहिला : हुक ऑफ हॉलंड

रॉटरडॅममधून मेट्रोची बी लाइन थेट समुद्रापर्यंत नेऊन सोडते. समोरचं पाणी म्हणजे निउवे वॉटरवेख, पीटर कालांडने आखलेला आणि १८७२ साली खुला झालेला कालवा. सकाळी हात साफ करायला इंग्लंडमधल्या हारविचच्या फेरीबोटी बऱ्या. ‘स्टेना हॉलंडिका’ आणि ‘स्टेना ब्रिटानिका’ या दोन्ही २४० मीटरच्या, आणि वेळापत्रकावर चालणाऱ्या. पहिली चूक इथेच सापडते. समोरचा काठ आडवा दिसेल असा कॅमेरा धरला की जहाज कलंडलेलं येतं, कारण तो काठ आपल्याला समांतर नसतो, तिरका लांब गेलेला असतो. कॅमेरा सरळ आहे का ते फ्रेमच्या मध्याजवळच्या उभ्या रेघेवर तपासावं: ब्रिजची (जहाज चालवतात त्या खोलीची) कड, मास्ट, कंटेनरच्या थप्पीची उभी धार.

दुपारी मोठं कंटेनर जहाज येतं आणि निराशा करतं. ही जहाजं वॉटरवेखमध्ये शिरतच नाहीत. मास नदीच्या मुखातून आत आली की दक्षिणेला मासव्लाक्टे या बंदराच्या भागाकडे वळतात, आणि उत्तर काठावरून दोन-तीन किलोमीटर दूर एक काळी भिंत सरकताना दिसते. काळी, कारण सूर्य तिच्या मागे. हे मुख साधारण पश्चिम-वायव्येकडे उघडतं, म्हणजे उत्तर काठावर उभं राहिलं की तोंड दक्षिणेला आणि दिवसभर ऊन डोळ्यांत. जूनमध्ये इथे सूर्य सकाळी दहाच्या आधी पाठीशी असतो आणि पुन्हा संध्याकाळी आठनंतर, कारण तो वायव्येला मावळतो आणि साडेसहालाच पश्चिमेच्या उत्तरेला सरकू लागतो. मधले दहा तास या काठावर फोटो काढण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात तर सूर्य उत्तरेकडे फिरकतच नाही. जून धरला तो याचसाठी.

त्या दहा तासांत एआयएसचं, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून कळवणाऱ्या यंत्राचं, ॲप वाचायला शिकावं. आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० टनेजच्या पुढच्या प्रत्येक मालवाहू जहाजाला आणि सगळ्या प्रवासी जहाजांना हे यंत्र लागतं. जागा, वेग आणि दिशा यंत्र आपोआप पाठवतं, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवावा. ‘पुढचं बंदर’ आणि ‘पोहोचण्याची वेळ’ हे रकाने मात्र जहाजावरचं माणूस हाताने भरतं, आणि ते मागच्या बंदराचे तसेच राहिलेले सर्रास दिसतात. वेळ स्वतः काढावी: नॉटमधल्या वेगाला १.८५ ने गुणलं की ताशी किलोमीटर येतात, किलोमीटरमधल्या अंतराला त्याने भागावं. फुकटातल्या ॲपवर ठिपका दोन-तीन मिनिटं शिळा असू शकतो. १२ नॉटच्या जहाजाची तीन मिनिटं म्हणजे ११०० मीटर. ठिपका लांब दिसतोय म्हणून लेन्स बदलायला घ्यावी आणि मान वर करावी तर जहाज समोर, हा प्रकार इथे नेहमीचा.

दिवस दुसरा : मासव्लाक्टे आणि रोझेनबुर्खची जीभ

आज तेच पाणी दक्षिण काठावरून. गाडी नाहीतर सायकल हवीच, बसच्या भरवशावर इथे दिवस निघत नाही. मासव्लाक्टेचा दुसरा टप्पा म्हणजे २००८ पासून समुद्रात वाळू ओतून तयार केलेली जमीन. उत्तरेच्या कडेला सुमारे ४० टनी काँक्रीटचे जवळजवळ वीस हजार ठोकळे लाटा अडवायला रचले आहेत. इथे तोंड उत्तरेला, सूर्य पाठीशी, आणि कालची काळी भिंत आज अचानक निळी-लाल-हिरवी होते. थप्पीतले कंटेनर मोजता येतात, पुढच्या भागावरचं नाव वाचता येतं. ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये अडकलं ते मार्च २०२१ मध्ये, आणि इथे पोहोचलं त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस. त्या मापाची, ४०० मीटर लांब आणि ६० मीटरच्या आसपास रुंद जहाजं याच वाटेने आत येतात.

शटरबद्दल उगाच धसका घेतला जातो. हिशोब करून पाहावा: ४०० मीटरचं जहाज ६००० पिक्सेलच्या फ्रेममध्ये बसवलं तर एका मीटरला १५ पिक्सेल. १२ नॉट म्हणजे सेकंदाला सव्वासहा मीटर, म्हणजे सेकंदाला नव्वदेक पिक्सेल. १/१२५ ला जहाज पाऊण पिक्सेलसुद्धा हलत नाही. फोटो हलतो तो हातामुळे आणि वाऱ्यामुळे, आणि या काठावर वारा कधी थांबत नाही. ४०० मिमीला १/१००० ठेवायचं ते स्वतःसाठी, जहाजासाठी नव्हे.

दुपारी दुसरं दुखणं सुरू होतं. दीड-दोन किलोमीटरवरच्या जहाजाच्या सगळ्या सरळ रेघा पाण्यात बुडवून काढल्यासारख्या लहरतात. तापलेल्या डांबरावरची हवा आणि पाण्यावरची गार हवा एकमेकींत मिसळतात, त्याचा हा परिणाम. शटर वाढवून, महागडी लेन्स लावून तो जात नाही. उपाय दोनच, जवळ जाणं किंवा सकाळी लवकर येणं. गाडीच्या उघड्या खिडकीतून फोटो काढणारे हा त्रास स्वतःहून ओढवून घेतात: आतली गरम हवा लेन्ससमोरूनच बाहेर पडत असते.

म्हणून दुपारनंतर रोझेनबुर्खच्या जिभेवर यावं. ही वॉटरवेख आणि कालांडकनाल यांच्यामधली जमिनीची अरुंद पट्टी. उत्तरेच्या पाण्यातून रॉटरडॅमला जाणारी मध्यम जहाजं दोन-तीनशे मीटरवरून जातात आणि दिवसभर उजेडात असतात. दक्षिणेच्या पाण्यातून युरोपोर्टला जाणारे ३३३ मीटरचे तेलवाहू टँकर येतात, पण ते उन्हाच्या विरुद्ध. भरलेला टँकर पाण्यात इतका खोल बसतो की फोटोत तो जहाजापेक्षा तराफ्यासारखा दिसतो. रिकामा असेल तर लाल पोट आणि पुढचा बोंडासारखा भाग वर आलेला दिसतो, तो फोटो जास्त बोलका.

संध्याकाळी शहरात विल्हेल्मिनापिअरला प्रवासी जहाज लागलं असेल तर एरास्मस पुलावरून सगळं दिसतं. धक्क्यावरचं जहाज बरं दिसतं अशी ही अपवादाची जागा. तरी पुलावर ट्रायपॉड लावू नये. ट्राम गेली की पूल थरथरतो आणि चार सेकंदांचं एक्सपोजर वाया जातं. काठावर उतरून लावावा. पांढऱ्या जहाजावर कॅमेऱ्याचं मीटर फसतं, ते सगळं करड्याकडे ओढतं. आणि अंधारात उलटं होतं: काळ्या आकाशामुळे ते उजेड वाढवतं आणि डेकवरचे दिवे फुटतात. दिवसा हिस्टोग्राम पाहून गरज पडल्यास +०.७, रात्री -१ पासून सुरुवात.

दिवस तिसरा : व्लिसिंगेन

अख्ख्या फेरीत एकच दिवस हाताशी असेल तर तो इथे घालवावा. शेल्ट नदीच्या मुखावरच्या या गावात अँटवर्पला जाणारी वाट समुद्राकाठच्या फरसबंदीला जवळजवळ खेटून वळते. जहाजं काहीशे मीटरवरून जातात, तीही वळताना. एकाच उभ्या जागेवरून आधी समोरून, मग पाऊण कोनातून, मग पूर्ण आडवं आणि शेवटी मागून, असे चारही फोटो मिळतात. पाऊण कोनाचा फोटो सगळ्यांना हवा असतो: पुढचं टोक आपल्याकडे आणि सगळी बाजू दिसतेय अशी घडी. आडव्या जहाजापेक्षा तो कमी रुंदीत बसतो, म्हणून गुणाकाराने आलेल्या आकड्यापेक्षा लेन्स थोडी लांब लागते. ही घडी एक-दोन मिनिटंच टिकते. आधी लांब लेन्स, पाऊण कोन झाला की मधली, आडवं झालं की रुंद, हा क्रम हाताला बसलेला असावा.

इथे पायलट, म्हणजे स्थानिक पाण्यात जहाजाला वाट दाखवणारे जाणकार, बदलतात: समुद्रातला उतरतो, नदीतला चढतो. पायलटची छोटी होडी सुटून बाहेर निघाली की पाच-दहा मिनिटांत काहीतरी येणार हे ॲप न पाहताही कळतं. होडी जहाजाला चिकटलेली असताना फोटो घ्यावाच. दोराची शिडी, तिच्यावर एक माणूस आणि मागे भिंतीसारखा हल, म्हणजे जहाजाचं बाहेरचं कवच. मोठेपणा दाखवायला याहून चांगली पट्टी मिळणार नाही. फोकस सपाट काळ्या हलवर ठेवू नये, तिथे कॅमेऱ्याला धरायला काही नसतं. शिडीच्या कडेवर किंवा नावाच्या अक्षरांवर ठेवावा.

फरसबंदीचं तोंड नैर्ऋत्येला, म्हणून सकाळ चांगली आणि दुपार वाईट. दुपारी स्टेशनाशेजारच्या धक्क्यावरून पादचारी आणि सायकलवाल्यांची ब्रेस्केन्सची फेरी पकडावी. पलीकडे सूर्य पाठीशी येतो. जहाजं मात्र तीनेक किलोमीटर लांब जातात, म्हणजे २७० मिमीच्या आसपास लेन्स आणि वर हवेचं लहरणं. हवा स्वच्छ आणि ढगाळ-उन्हाची असेल तरच हा खटाटोप. नाहीतर व्लिसिंगेनलाच डच नौसेनापती मिखील दे राउटरच्या पुतळ्याखाली बसून संध्याकाळची वाट पाहावी. सूर्य उजवीकडे मावळतो, उजेड बाजूने येतो आणि हलवरचे पत्र्यांचे जोड नि पोचे उठून दिसतात. नव्या रंगाच्या जहाजापेक्षा दहा-पंधरा वर्षं चाललेलं जहाज या उजेडात कितीतरी देखणं दिसतं.

खारा वारा लेन्सवर बसतो. कोरड्या कापडाने पुसलं की मीठ काचेवर ओरखडते. आधी गोड्या पाण्याचा थेंब, मग कापड. ट्रायपॉडचे पायही रात्री गोड्या पाण्याने धुवावेत, नाहीतर आठवड्याभरात आटे अडकतात.

दिवस चौथा : अँटवर्प

बंदर समुद्रापासून ऐंशीएक किलोमीटर आत, आणि भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास. खोल बसलेली जहाजं पाण्याच्या वेळेनेच येतात-जातात, म्हणून इथे ॲपच्या आधी भरतीचं कोष्टक उघडावं. कालच्या वेळेत पाऊण-एक तास मिळवला की आजची वेळ ढोबळपणे येते.

लॉकचं, म्हणजे दोन दारांमध्ये पाण्याची पातळी बदलून जहाज पलीकडे सोडणाऱ्या हौदाचं, आकर्षण सगळ्यांना असतं. बेरेनड्रेख्ट ५०० मीटर लांब, ६८ रुंद, १९८९ चं. शेजारचं झांडव्लीट १९६७ चं आणि ५७ रुंद. डाव्या काठावरचं कील्ड्रेख्ट २०१६ चं. पण ४०० मीटरची कंटेनर जहाजं पाहायला लॉकवर जाऊन बसलं तर दिवस फुकट जातो. त्यांची मोठी टर्मिनलं डेउर्गांक डॉकमध्ये आणि नदीकाठी, लॉकच्या बाहेर आहेत. लॉकमधून जातात ती गाड्या वाहणारी, सुट्टा माल नेणारी आणि टँकर. गाड्यांचं जहाज लॉकमध्ये शिरताना मात्र पाहण्यासारखं: खिडक्या नसलेला बारा-तेरा मजली डबा चालण्याच्या वेगाने शेजारून सरकतो. इथे १६ ते २४ मिमीची जादा रुंद लेन्स लागते. कॅमेरा वर कलवला की उभ्या रेघा एकमेकींकडे झुकतात. तो न कलवता खालचा रिकामा भाग नंतर कापून टाकणं बरं. लॉकवरचे रस्ते उचलत्या पुलांवरून जातात. पूल उचलला की आपण ज्या बाजूला असू तिथेच अडकतो, म्हणून उन्हाची बाजू आधीच ठरवून पलीकडे गेलेलं बरं.

कंटेनर जहाजांसाठी सकाळी उजव्या काठावरचं लिलो आणि दुपारी समोरचं डूल. नदी इथे दक्षिणोत्तर वाहते, त्यामुळे सकाळी लिलोला सूर्य पाठीशी, दुपारनंतर डूलला. डेउर्गांक डॉकमध्ये शिरताना ४०० मीटरचं जहाज नदीतच टगांच्या (ओढणाऱ्या छोट्या बोटींच्या) ओढीने फिरवतात, त्याला अर्धा-पाऊण तास सहज जातो. डूलच्या बांधावर एक जुनी पवनचक्की आहे आणि मागे अणुवीजकेंद्राचे दोन प्रचंड कूलिंग टॉवर. जहाज, पवनचक्की आणि टॉवर एका फ्रेममध्ये घेण्याचा मोह होतो. तीन गोष्टी एकमेकींशी भांडतात. दोनच घ्याव्यात.

दिवस पाचवा : हॅम्बुर्ग, संध्याकाळ

रेल्वेत बहुतेक दिवस जातो आणि ते सोयीचंच आहे. एल्ब नदी इथे पूर्व-पश्चिम, आणि बसण्या-फिरण्याच्या सगळ्या जागा उत्तर काठावर. म्हणजे पुन्हा हुकचीच गत. जूनमध्ये सहा-सव्वासहानंतर सूर्य पाठीशी यायला लागतो, त्याच्या आधी येऊन उपयोग नाही.

लांडुंग्सब्रुकेनवरून ६२ नंबरची फेरीबोट घेऊन नॉयम्युलेन-ओव्हेलगोन्याला उतरावं. समोर बुर्खार्डकाई टर्मिनल, आणि मधल्या पाण्यात मोठी जहाजं टग लावून उलटी आत घेतली जातात. फोटो बोटीच्या धक्क्यावरून काढू नये. तो तराफा आहे, तरंगतो. लांडुंग्सब्रुकेनचंही तेच. ट्रायपॉड कितीही भक्कम असो, त्याच्या खालची जमीनच हलत असेल तर काय करणार? वाळूवर जावं, पाय दाबून रोवावेत.

वाळूवर ‘आल्टर श्वेडे’ नावाचा २१७ टनांचा दगड आहे, १९९९ साली नदीच्या तळातून काढलेला. पुढे तो आणि मागे जहाज हा फोटो छान बसतो. पण जहाज जवळून जाताना पाण्याकडे लक्ष हवं. आधी पाणी काठापासून ओढलं जातं, दोन-चार मीटर ओली वाळू उघडी पडते, आणि लोक पुढे सरसावतात. मग तेच पाणी लाट होऊन परत येतं. पिशवी आधीच वरच्या पायरीवर ठेवलेली असावी, ट्रायपॉड भिंतीजवळ.

दहानंतर अंधार पडला की टर्मिनल उजळतं. धक्क्याला लागलेलं जहाज स्थिर दिसतं, पण भरतीबरोबर चढत-उतरत असतं आणि दोरांवर हळूच झुलतं. ३० सेकंदांच्या फोटोत क्रेन तीक्ष्ण आणि मास्ट दुहेरी येतो. चार ते आठ सेकंद, आयएसओ ४०० ते ८००. चालत्या जहाजाला १/६० आणि आयएसओ वाढवणं, दुसरा इलाज नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र बंद ठेवावं, नाहीतर एलईडी दिव्यांचे पट्टे उमटतात.

दिवस सहावा : वेडेल

ओव्हेलगोन्याच्या १४ किलोमीटर खाली वेडेलला विलकोम-होफ्ट आहे. १९५२ पासून इथून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना झेंडा उतरवून आणि त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात, आणि जहाजाचं नाव व मापं ध्वनिवर्धकावर सांगतात. छायाचित्रकाराला त्याचा उपयोग असा की फोटोबरोबर माहितीची नोंद आयती मिळते. जहाज वर जाणारं असेल तर पाऊण-एक तासाने ते ओव्हेलगोन्यासमोर येतं. लगेच निघालं तर तिथेही गाठता येतं.

निघणारी जहाजं ओळखायच्या खुणा इथून नाही, टर्मिनलसमोरून दिसतात: धुराड्यातून धूर दाट होतो, टग येऊन चिकटतात, बाजूची शिडी वर जाते, पुढे-मागे हेल्मेट घातलेली माणसं दिसू लागतात. त्यानंतर दोर सुटायला फार वेळ नसतो.

रात्री फोटो लावताना आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांकाने जहाज ओळखावं, कारण नावं बदलतात, क्रमांक जन्मभर तोच राहतो. तो हलवर किंवा वरच्या बांधकामावर किमान २०० मिमी उंच अक्षरांत असतो. ४०० मिमी लेन्सने ५०० मीटरवरून ही अक्षरं २४ मेगापिक्सेलच्या फोटोत २७ पिक्सेल उंच येतात, सहज वाचता येतात. किलोमीटरवरून तेरा, तिथे एखादा आकडा पुसट होतो. सात आकड्यांपैकी पहिले सहा अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज केली की तिचा शेवटचा आकडा सातव्याशी जुळायला हवा. ‘एव्हर गिव्हन’चा ९८११००० घ्या: ६३ अधिक ४८ अधिक ५ अधिक ४, बेरीज १२०, शेवटी शून्य, जुळलं. पण दुसरा आकडा पुसट असेल आणि तो ८ की ३ हे कळत नसेल, तर ही युक्ती हात टेकते. ३ धरला तर बेरीज ९०, शेवटी पुन्हा शून्यच. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या जागी ३ आणि ८ चा घोळ या हिशोबाने सुटत नाही. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागी सुटतो. न सुटणाऱ्या घोळासाठी जहाज पुढे निघून गेल्यावर कॅमेरा खाली न घेता मागचा एक फोटो काढून ठेवावा. तिथे नाव असतं, आणि त्याखाली नोंदणीचं बंदर.